काचेमागची नोकरी

रेकॉर्डिंगची सोय असलेला वर्ग पाहिलात, तर मागच्या भिंतीत बहुधा एक काच दिसते. काचेपलीकडे अरुंद खोली, दोन-तीन पडदे, एक मिक्सर, एसीचा बोचरा गारठा आणि हेडफोन लावून बसलेला एक माणूस. प्राध्यापक फळ्याकडे वळले की हा कॅमेरा वळवतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला की त्या बाजूचा माइक वर करतो. तास संपतो, मुलं पांगतात, सर चहाला जातात. हा मात्र फाइलला नाव देतो, ती सर्व्हरवर चढवतो आणि पुढच्या तासाआधी कॉलर माइकची बॅटरी बदलतो. वर्गातल्या एकाही मुलाला त्याचं नाव सांगता येणार नाही.

मुंबईच्या उपनगरांत हे काम करणारे पुष्कळ आहेत. पवई, कलिना, अंधेरीची एमआयडीसी, मुलुंडचे क्लासेस, बोरिवलीची कॉलेजं, सगळीकडे. त्यांना कुणी एव्हीवाला म्हणतं, कुणी ‘व्हीसीचा माणूस’, कुणी नुसतंच ‘टेक्निशियन’. दूरशिक्षण आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगमध्ये करिअर आहे का, असं हल्ली बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील विचारतात. काम आहे, आणि भरपूर आहे, एवढं मी खात्रीने सांगतो. करिअर मात्र अजून घडायचं आहे. ते अडलं आहे यंत्रांपायी नव्हे, भरतीच्या कागदांपायी.

आधी मागे जाऊ. मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. तेव्हा दूरशिक्षणाचं तंत्रज्ञान म्हणजे पोस्टमन. छापील नोट्सचं बाड घरी यायचं आणि परीक्षेला माणूस स्वतः जायचा. नोकरी करून पदवी घेणारा गिरणीतला कारकून, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई, रेल्वेत लागलेला मुलगा, असे सगळे त्यातून शिकले. हाच विभाग पुढे ‘आयडॉल’ या नावाने कलिन्याच्या संकुलात ओळखला जाऊ लागला. त्या काळात या क्षेत्रातला तंत्रज्ञ म्हणजे सायक्लोस्टाइल यंत्र चालवणारा शिपाई, आणि तो नसला तर खरंच सगळं अडायचं.

पडदा त्यानंतर आला. ऑगस्ट 1975 पासून वर्षभर देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ नावाच्या त्या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 पासून होतं, पण ते शहराचं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ 15 ऑगस्ट 1984 ला सुरू झाला आणि दुपारी घरी असलेल्या कित्येकांनी तो न समजताही पाहिला. हे सगळं एकतर्फी होतं. पडद्यावरच्या सरांना थांबवून ‘सर, ती पायरी परत सांगा’ असं म्हणता येत नव्हतं. टीव्हीवरचा तास आणि वर्ग यांत खरा फरक तेवढाच.

तो फरक मिटवण्याची मोठी उडी उपग्रहाने मारली. 20 सप्टेंबर 2004 ला श्रीहरिकोटाहून एज्युसॅट उडाला. केवळ शिक्षणासाठी बांधलेला देशाचा हा पहिला उपग्रह. त्याच्या प्राथमिक प्रयोगासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होतं. 1989 मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ शेतकरी, कामगार, गृहिणी यांच्यासाठीच होतं, त्यामुळे ती निवड साजेशी होती. इकडे पवईतही आयआयटीचे तास एज्युसॅटवरून थेट जात. ते तास पाठवणाऱ्या ‘सीडीप’ या केंद्राचं नाव तिथल्या विद्यार्थ्यांना अजूनही परिचित आहे. गच्चीवरची डिश, खाली वर्ग, मध्ये काचेमागची खोली, आणि पलीकडे शेकडो किलोमीटरवरच्या एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजात भिंतीवरच्या पडद्यासमोर बसलेली मुलं.

उपग्रहावरून शिकवण्यात एक गंमत होती, आणि ती ज्याने अनुभवली तोच सांगू जाणे. असा उपग्रह जमिनीपासून जवळपास 36,000 किलोमीटर उंच असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. त्यात यंत्रांचा वेळ मिळवा. म्हणजे पवईतल्या सरांनी ‘समजलं का?’ विचारल्यावर पलीकडचं ‘हो’ यायला निदान अर्धा-पाऊण सेकंद लागायचा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण माणसाच्या बोलण्यात अर्ध्या सेकंदाची शांतता म्हणजे नकार, किंवा संकोच. सरांना वाटायचं मुलांना समजलेलं नाही, ते तेच पुन्हा सांगायला लागायचे, आणि तेवढ्यात पलीकडचं ‘हो सर’ येऊन त्यांच्या वाक्यावर आदळायचं. काचेमागचा अनुभवी माणूस तास सुरू होण्याआधी सरांना हळूच सांगायचा, ‘प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजा.’ कुठल्याही मॅन्युअलमध्ये हे नसतं. या धंद्यातलं कौशल्य म्हणतात ते बरंचसं हेच.

एज्युसॅटचं काम सप्टेंबर 2010 मध्ये संपलं. तोवर पवईने दुसरा रस्ता धरला होता. डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी कार्यशाळा सुरू झाल्या. आधी एका वेळी हजार शिक्षक, पुढे ‘टी-टेन-के-टी’ या नावाने दहा हजारांच्या हिशेबात. शिक्षक पवईत येत नसत. आपल्या जवळच्या कॉलेजातल्या ‘रिमोट सेंटर’ला जात, आणि तिथून अमृता विश्व विद्यापीठम्‌ने तयार केलेल्या ‘ए-व्ह्यू’ प्रणालीवरून पवईशी जोडले जात. या योजनेचं मर्म मला सॉफ्टवेअरपेक्षा तिच्या रचनेत दिसतं. प्रत्येक केंद्रावर एक समन्वयक असे, त्याला आधी वेगळं प्रशिक्षण मिळे, आणि तिथला माइक, प्रोजेक्टर, बॅकअपची लाइन हे सगळं त्याच्या जबाबदारीत असे. पवईतून कितीही उत्तम पाठवा, टोकाला जबाबदार माणूस नसेल तर ते पोचत नाही. 2020 च्या करोनाच्या धांदलीत आपण नेमकं हेच विसरलो.

पवईतलाच दुसरा प्रकल्प, प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरियल’, अगदी उलट्या टोकाचा. तिथे थेट काही नाही, कॅमेरा नाही, सरांचा चेहराही नाही. संगणकाच्या पडद्याचं दहा-एक मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि त्यावर आवाज. तो आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत असतो. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला मुक्त सॉफ्टवेअर शिकता यावं म्हणून संहिता लिहिणारे, तपासणारे, भाषांतर करणारे, आवाज देणारे अशी एक फळीच त्यातून तयार झाली. मराठी चांगलं लिहिणाऱ्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या मुला-मुलींनी या क्षेत्राकडे पाहावं ते या दारातून. इथे वायरी ओढाव्या लागत नाहीत. ‘फाइल सेव्ह करा’ आणि ‘धारिका जतन करा’ यांपैकी बारामतीच्या मुलाला काय कळेल, एवढा निर्णय मात्र घेता आला पाहिजे.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा प्रवाह वेगळ्या डोंगरातून आला. तो शाळा-कॉलेजांचा नव्हे, कंपन्यांचा आणि सरकारचा. नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या बोर्डरूममध्ये पिक्चरटेल आणि पॉलिकॉमची यंत्रं आली. ती आयएसडीएन लाइनवर चालत. एका लाइनीत 64 केबीपीएसच्या दोन वाहिन्या. अशा तीन लाइनी जोडल्या की 384 केबीपीएस, आणि तेवढ्यावर चित्र ‘चांगलं’ मानलं जाई. आज तुमच्या खिशातल्या फोनवर शाळेतल्या मुलाचा ट्यूशनचा कॉल याहून जास्त डेटा खातो. तेव्हा मात्र त्या तीन लाइनी एकत्र बांधणारा माणूस भाव खाऊन होता. सहापैकी एक वाहिनी लागली नाही की अख्खी बैठक गोठायची, आणि साहेब त्याच्याकडे पाहायचे.

याच काळातला एक टप्पा मुंबईचा आहे. इथल्या एका फौजदारी खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं होतं. 1 एप्रिल 2003 ला सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटलं: साक्षीच्या वेळी आरोपीची उपस्थिती म्हणजे एकाच खोलीतली शारीरिक उपस्थिती असलीच पाहिजे असं नाही. एक एप्रिलच्या तारखेवर तेव्हा कुणी विनोद केला असेल तर नवल नाही, पण या धंद्याला कायद्याची मान्यता मिळाली ती त्या दिवशी. पुढे फेब्रुवारी 2016 मध्ये डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे साक्ष दिली तीही अशीच. आज कोर्ट, तुरुंग, जिल्हाधिकारी कार्यालय, मंत्रालय सगळीकडे ‘व्हीसी आहे’ हे वाक्य ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ इतकंच रुळलं आहे. शिकवण्याच्या तंत्रातून आलेला माणूस तिथेही लागतो, हे करिअर शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

इथवर पाहिलं तर दिसतं की दर सात-आठ वर्षांनी यंत्र बदललं. डिश गेली, आयएसडीएन गेलं, खोलीभर पसरलेली कॉन्फरन्स यंत्रं गेली, मग सगळं इंटरनेटवर आणि शेवटी कुणाच्या तरी क्लाउडवर गेलं. ज्यांनी स्वतःला एखाद्या यंत्राचा माणूस मानलं, ते त्या यंत्राबरोबर गेले. टिकले ते ज्यांना दोन गोष्टी येत होत्या. एक नेटवर्क. दुसरी आवाज.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण लोक नेमके इथेच चुकतात. चित्र अडखळलं तरी तास चालतो. आवाज अडखळला की तास संपला. तरीही बजेटमधला मोठा वाटा पडद्याला आणि कॅमेऱ्याला जातो, कारण उद्घाटनाच्या फोटोत ते दिसतं. काही वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातल्या एका संस्थेच्या नव्या ‘स्मार्ट’ सभागृहात मी पाहुणा म्हणून बोललो. संस्थेचं नाव सांगत नाही. भिंतीएवढा पडदा, छतात स्पीकर, पायाखाली गुळगुळीत ग्रॅनाइट, एक बाजू पूर्ण काचेची. पलीकडून जोडलेल्या श्रोत्यांना माझं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू जात होतं. त्यांच्या स्पीकरमधून निघालेला माझाच आवाज त्यांच्या माइकातून मला परत येत होता, तो वेगळाच. वीस मिनिटं ‘आवाज येतोय का?’ यातच गेली. शेवटी तिथल्या एका तरुणाने छतातले स्पीकर बंद केले, मला हातातला साधा वायरचा माइक दिला, खिडकीचे पडदे ओढले, आणि सगळं सुरळीत झालं. लाखोंच्या यंत्रणेला त्याने एका जाड पडद्याने हरवलं. चौकशी केल्यावर कळलं, तो अकरा महिन्यांच्या करारावर होता आणि करार संपत आला होता.

मग 2020 आलं. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आवरतो. झूमच्या बैठकांत रोज सहभागी होणाऱ्यांची संख्या डिसेंबर 2019 मध्ये एक कोटीच्या आसपास होती, ती एप्रिल 2020 मध्ये 30 कोटींवर गेली. उपनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात एक फोन, दोन मुलं आणि घरून काम करणारा बाप अशी वाटणी सुरू झाली. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास वीजजाळं कोसळलं, मुंबई तासन्‌तास अंधारात गेली आणि विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मुंबईतल्या आठवीपासूनच्या शाळा उघडायला 4 ऑक्टोबर 2021 उजाडला. त्या काळातलं मला सर्वांत शहाणपणाचं वाटलेलं काम झूमवर नव्हतं. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर आली. तिने टीव्हीवर वर्ग भरवलाच नाही. घरातली भांडी, अंगणातली माती, आई-बाबा यांनाच तिने शिकवण्याचं साहित्य केलं. माध्यम जुनं होतं, विचार नवा. आपण बहुतेकांनी याच्या नेमकं उलट केलं.

आता कामाच्या बाजाराकडे. उपनगरांत तो तीन जागी आहे. पहिली जागा अंधेरी-मरोळ-साकीनाक्याचा पट्टा. इथे एव्ही इंटिग्रेटर म्हणवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आहेत. टेंडर भरायचं, माल आणायचा, साइटवर बसवायचा, चालवून दाखवायचा, मग वर्षभराची देखभाल. कनेक्टर कमी पडला तर लॅमिंग्टन रोड आहेच. या धंद्याचं इन्फोकॉम इंडिया हे मोठं प्रदर्शन बरीच वर्षं गोरेगावच्या नेस्कोत भरत असे. नव्या मुलाने तिथे एक दिवस घालवला तर सहा महिन्यांच्या कोर्सइतकं पाहायला मिळे. दुसरी जागा शिकवणीचा व्यवसाय. मुलुंडमध्ये 1988 साली सुरू झालेल्या महेश ट्युटोरियल्सने पुढे ‘रोबोमेट’ नावाने रेकॉर्ड केलेले तास मुलांच्या हातात दिले. अ‍ॅप्टेक अंधेरीच्या एमआयडीसीतलं. अपग्रॅड 2015 पासून मुंबईचंच. विलेपार्ल्याच्या एनएमआयएमएससारख्या संस्थांचे दूरशिक्षण विभाग आहेत. इथे स्टुडिओत चटपटीत, वेळ पाळणारे, संकलन येणारे लोक लागतात. पगार बरा, पण गुंतवणूकदारांचा मूड बदलला की आधी स्टुडिओला कुलूप लागतं, हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. तिसरी जागा विद्यापीठं आणि सरकारी संस्था. काम सर्वांत अर्थपूर्ण, नोकरी सर्वांत डळमळीत.

शिकायचं कुठे? इथेही शिड्या दोन आहेत आणि त्या एकमेकींना भेटत नाहीत. एक शिडी आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा ‘एक्सटीसी’ची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनची) पदवी घेऊन वायरीच्या बाजूने चढते. त्यावर नेटवर्किंगचं एखादं प्रमाणपत्र आणि एव्ही धंद्यात जगभर चालणारं ‘सीटीएस’. दुसरी शिडी शिकवण्याच्या बाजूची. जुहूच्या आवारात एसएनडीटी विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. आयआयटीत 2010 पासून याच विषयात पीएचडीची सोय आहे. तिथे धडा कसा बांधावा, मुलाचं लक्ष कुठे सुटतं, चाचणी कशी घ्यावी हे शिकवतात. पहिल्या शिडीवरच्या मुलाला कॅमेरा कुठे ठेवावा हे कळतं, पण सर गणिताची पायरी पुसून पुढे जातात तेव्हा फळ्याची चौकट धरून ठेवावी हे त्याला कुणी सांगत नाही. दुसऱ्या शिडीवरची मुलगी अप्रतिम अभ्यासक्रम आखते, पण कॉलर माइकवर साडीचा पदर घासला जाऊन खरखर येते हे तिला रेकॉर्डिंग संपल्यावर कळतं. ज्याला किंवा जिला दोन्हीकडचं थोडं थोडं येतं, त्यांना मी कधी रिकामं बसलेलं पाहिलं नाही.

एक विरोधाभासही सांगतो. दूरशिक्षणात काम करणाऱ्याला दूर राहून चालत नाही. नऊच्या तासाला साडेसातला हजर राहावं लागतं, म्हणजे बोरिवलीहून पवई गाठायची तर घर सहाला सोडायचं. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली तेव्हा पूर्व-पश्चिम करणाऱ्या या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्यातही घाटकोपरच्या फलाटावरची संध्याकाळ वेगळी शिक्षा आहेच.

आता कॅमेरा आपोआप शिक्षकामागे फिरतो, सबटायटल्स यंत्र लिहितं, खरखर सॉफ्टवेअर गाळतं, मग हा माणूस हवाच कशाला, असं विचारणारे भेटतात. काही कामं जातील, हे खरं. बटण दाबण्याचं काम जाईल, आणि ते गेलं तर मला दुःख नाही. पण आपोआप फिरणारा कॅमेरा सरांच्या मागे जातो तेव्हा सर नेमके फळ्यावरच्या आकृतीपासून दूर गेलेले असतात. मराठीतली यंत्रलिखित सबटायटल्स ‘बल’ आणि ‘बळ’ यांची गल्लत करून पदार्थविज्ञानाच्या तासात कीर्तन उभं करतात. कुठे थांबायचं हे ठरवणारं कुणीतरी लागेल. त्याचं पद काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

यंत्र भांडवली खर्चात बसतं, एकदा मंजूर झालं की झालं. माणूस आवर्ती खर्चात जातो आणि दरवर्षी मंजुरी मागतो. म्हणून टेंडरमध्ये पडद्याच्या इंचाइंचाचं वर्णन असतं आणि तो चालवणार कोण, याची ओळ नसते. मग ग्रंथालयातल्या कुणाला तरी, किंवा संगणक शिकवणाऱ्या मॅडमना ‘जरा बघा’ म्हटलं जातं. दोन वर्षांनी पडद्यावर धूळ आणि रिमोट कपाटात. पदालाच नाव नाही म्हणून वेतनश्रेणी नाही, वेतनश्रेणी नाही म्हणून बढती नाही, आणि बढती नाही म्हणून दहा वर्षांच्या अनुभवाचा माणूस आखातात किंवा पुण्याच्या एखाद्या आयटी कंपनीत निघून जातो. काचेमागे नवा मुलगा येतो आणि पहिल्याच तासाला तीन अंक मोजायचं सरांना सांगायला विसरतो, कारण त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही एखाद्या कॉलेजाच्या व्यवस्थापन समितीवर, शाळेच्या पालक संघात किंवा विद्यापीठाच्या अधिसभेत असाल, तर पुढच्या वेळी स्मार्ट क्लासरूमचा प्रस्ताव येईल तेव्हा शेवटचं पान उघडून पाहा. त्यावर एका कायम पदाची मागणी नसेल, तर सही करू नका.